बोलायला थांबला की बोलायचा थांबला? : इंग्रजी ‘इंग’चे कोडे आणि मराठीची वाट

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मध्ये खुटबाव हे छोटे स्टेशन आहे. आजूबाजूला उसाची राने, गुऱ्हाळे आणि आता हळूहळू सरकत आलेली पुण्याची सावली. या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात सकाळी पारावर अर्धा तास बसले, तर कानांवर जी मराठी पडते तिचा नमुना असा : ‘मोटरीचं वायंडिंग जळलं.’ ‘स्लॅबचं सेंट्रिंग उद्या लागतंय.’ ‘टरबुजाला मल्चिंग अंथरलं.’ ‘तिकीट अजून वेटिंगलाच आहे.’ ‘मोबाईलला चार्जिंग नाही.’ ‘रोडकडंच्या रानात प्लॉटिंग पडलंय.’ ‘कटिंग करून येतो.’

हे बोलणाऱ्यांपैकी अनेकांनी इंग्रजीचे पुस्तक कधी उघडलेले नसते. तरीही इंग्रजी क्रियापदाला ‘इंग’ लागून झालेला शब्द हे नाम आहे, हे त्यांच्या जिभेला पक्के ठाऊक असते. ते त्या शब्दाला मराठी लिंग देतात, विभक्ती लावतात, ‘सेंट्रिंगवाला’ असा नवा शब्दही पाडतात. हीच मंडळी किंवा त्यांची मुले इंग्रजी बोलायला उभी राहिली, की मात्र हा ‘इंग’ त्यांना दगा देतो. ‘आय एन्जॉय टू रीड’, ‘ही सजेस्टेड टू गो’, ‘आय ॲम इंटरेस्टेड टू लर्न’ ही वाक्ये मी या भागातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवताना वर्षानुवर्षे लाल शाईने खोडत आलो. खोडण्यापलीकडे फारसे काही करत नव्हतो, हे आता कबूल करायला हवे. हा लेख त्या खोडाखोडीचे प्रायश्चित्त म्हणून लिहीत आहे.

एका मुलाखतीची गोष्ट

आमचा एक जुना विद्यार्थी आयटीआय करून औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मुलाखतीला गेला. काम हाताला येत होते, प्रमाणपत्रे होती. शेवटी कुणीतरी इंग्रजीतून विचारले, काही व्यसन आहे का? मुलगा प्रामाणिक. एके काळी तंबाखू खात होता, वर्षभरापूर्वी सोडली होती. त्याच्या मनात वाक्य होते, ‘मी तंबाखू खायचा थांबलो.’ तोंडातून आले, ‘आय स्टॉप्ड टू ईट टोबॅको.’ समोरचे हसले. एकाने विचारले, ‘म्हणजे येताना वाटेत थांबला होतास का?’ मुलाला हसण्याचे कारण कळले नाही आणि प्रश्नाचेही नाही. नोकरी त्या वाक्याने गेली असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतरच्या प्रश्नांना त्याने नीट उत्तरे दिली नाहीत, हे त्यानेच मला सांगितले.

मी त्याला नेहमीप्रमाणे नियम सांगणार होतो. ‘स्टॉप’नंतर इंग वेगळे, टू वेगळे, पाठ कर. पण का कोण जाणे, उलटा प्रश्न विचारला. ‘मराठीत “तंबाखू खायला थांबलो” आणि “तंबाखू खायचा थांबलो” यांत फरक काय रे?’ त्याने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले. ‘सर, एकात खातोय, एकात सोडलीय.’

म्हणजे जो फरक त्याला इंग्रजीत जमत नव्हता, तो त्याच्या मायबोलीत त्याला बालपणापासून येत होता. ‘खायला थांबलो’ म्हणजे ‘स्टॉप्ड टू ईट’. ‘खायचा थांबलो’ म्हणजे ‘स्टॉप्ड ईटिंग’. शाळेत आम्ही त्याला हा फरक नव्याने शिकवायला निघालो होतो. शिकवायचे होते ते एवढेच, की तुझ्याजवळ आहे त्याला इंग्रजीत कुठला कपडा घालायचा.

धातूचे नाम : दोन भाषांची दोन बिऱ्हाडे

मराठी शब्दकोश उघडून ‘कर’ हा धातू शोधला, तर तो ‘करणे’ या रूपात सापडतो. मोल्सवर्थच्या 1831च्या कोशापासून दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत हीच रीत आहे. ‘खाणे’, ‘बोलणे’, ‘पोहणे’ ही क्रियेची नावे आहेत, म्हणजेच नामे. व्याकरणकार त्यांना धातुसाधित नाम म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले आणि मो. के. दामल्यांनी 1911मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. त्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला ‘पोहणे चांगले’ या वाक्यात पोहणे हा कर्ता आहे, यात काही नवल वाटत नाही. इंग्रजीतले ‘स्विमिंग इज गुड’ हे त्याचेच जुळे भावंड आहे.

गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणाने. इंग्रजीत ‘इंग’ एकाच वेळी दोन कामे करते. ‘ही इज स्विमिंग’ यातले इंग म्हणजे चालू असलेली क्रिया, आपले ‘पोहत आहे’. ‘ही एन्जॉइज स्विमिंग’ यातले इंग म्हणजे क्रियेचे नाव, आपले ‘पोहणे’. रूप एक, कामे दोन. मुले ‘इंग’ पाहिले की ‘चालू काळ’ असे शिकलेली असतात. कारण तो धडा आधी येतो. मग ‘एन्जॉय’ हे तर रोजच्या सवयीचे वाक्य, यात चालू काळ कशाला, असे त्यांना वाटते आणि ती इंग काढून टाकतात. चूक आहे, पण त्या चुकीत तर्क आहे.

गंमत अशी, की इंग्रजीतही पूर्वी ही दोन बिऱ्हाडे वेगळी होती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियेच्या नावाला ‘उंग’ किंवा ‘इंग’ लागत असे आणि चालू क्रिया दाखवणाऱ्या रूपाला ‘एंदे’. साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान उच्चार झिजत झिजत दुसरे रूप पहिल्यासारखेच झाले आणि दोघांची मिळून एकच ‘इंग’ उरली. इंग्रजीची बहीण जर्मन, तिने ती आजही वेगळी ठेवली आहेत. मराठीने तर ‘णे’ आणि ‘त’ अशी दोन स्वतंत्र दारे राखली आहेत. म्हणून इंग-रूप समोर आले, की पहिला प्रश्न मराठीतून विचारावा : हे ‘पोहत’ आहे की ‘पोहणे’ आहे? निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

चहाची परीक्षा आणि बॅटिंगचा दाखला

क्रियेचे नाव हे नाम असेल, तर ते नामाच्या जागी बसले पाहिजे. वर्गात मी याला चहाची परीक्षा म्हणू लागलो. क्रियापदानंतर ‘टी’ हा शब्द ठेवून पाहा. ‘आय एन्जॉय टी’ चालते, ‘आय फिनिश्ड टी’ चालते, ‘आय अव्हॉइड टी’ चालते. मग चहाच्या जागी क्रिया ठेवायची असेल तर ती नाम होऊनच आली पाहिजे : ‘एन्जॉय रीडिंग’, ‘फिनिश्ड रीडिंग’, ‘अव्हॉइड रीडिंग’. कपात चहा ओततो तशी.

ही परीक्षा सगळीकडे लागू पडत नाही. ‘आय वाँट टी’ हेही चालते आणि तरी ‘वाँट’नंतर टूच येतो. पण जिथे परीक्षा निश्चित उपयोगी पडते अशी एक मोठी जागा आहे : ‘ॲट’, ‘इन’, ‘ऑफ’, ‘विदाउट’, ‘बिफोर’ यांसारख्या शब्दयोगी अव्ययांनंतरची. तिथे इंग्रजीला नाम लागते आणि म्हणून इंग लागते. मराठीचाही हाच नियम आहे. शब्दयोगी अव्यय लागले की ‘णे’चे ‘ण्या’ होते : जाण्यापूर्वी, जाण्याऐवजी, जाण्याबद्दल, पोहण्यात. त्यांचे इंग्रजी अनुक्रमे ‘बिफोर गोइंग’, ‘इन्स्टेड ऑफ गोइंग’, ‘अबाउट गोइंग’, ‘इन स्विमिंग’. ‘शिकण्यात रस आहे’ म्हणजे ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’. ‘ण्या’ दिसला की बहुधा इंग. अपवाद ‘ण्यासाठी’चा. ‘भेटण्यासाठी आलो’ याचे ‘केम फॉर मीटिंग’ करू नये. हेतू आहे, म्हणून ‘केम टू मीट’.

ज्यांना हेही अवघड वाटते त्यांच्यासाठी क्रिकेट आहे. मैदानावरच्या पोरांना विचारा, ‘बॅट’ आणि ‘बॅटिंग’ यांत फरक काय? एक लाकडाचा तुकडा, दुसरी क्रिया, असे ती लगेच सांगतील. ‘टॉस जिंकून बॅटिंग घेतली’ हे मराठी वाक्य बोलताना बॅटिंग ही वस्तूसारखी ‘घेता’ येते, हे त्यांना माहीत असते. इंग्रजी समालोचक म्हणतो ‘इलेक्टेड टू बॅट’, कारण निर्णय झाला आहे, बॅटिंग अजून व्हायची आहे. चहापानानंतर तोच म्हणतो ‘रिझ्यूम्ड बॅटिंग’ आणि दिवसभर खेळपट्टी सोडली नाही तर ‘केप्ट बॅटिंग’. आधी ठरवताना टू, खेळ सुरू झाल्यावर इंग. या एका सामन्यात पुढच्या सगळ्या विवेचनाचे बीज आहे.

‘ला’ आणि ‘टू’

‘पुण्याला जातो’ आणि ‘खेळायला जातो’. दोन्हींत ‘ला’ आहे. ‘गो टू पुणे’ आणि ‘गो टू प्ले’. दोन्हींत ‘टू’ आहे. हा योगायोग मोठा बोलका आहे. इंग्रजी ‘टू’ मुळात दिशा दाखवणारा शब्द, ‘कडे’ या अर्थाचा. क्रियेच्या आधी तो येऊन बसला तो ‘त्या क्रियेकडे’ या भावनेनेच. आपला ‘खेळायला’मधला ‘ला’ही तेच करतो : अजून न झालेल्या, पुढे असलेल्या क्रियेकडे बोट दाखवतो.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी 1960च्या दशकात इंग्रजीच्या या दोन रूपांचा अर्थभेद साधारण असाच मांडला. टू-रूपात शक्यता असते, अजून प्रत्यक्षात न आलेले असते. इंग-रूपात क्रिया एखाद्या घडलेल्या, घडत्या किंवा समोर मांडलेल्या वस्तूसारखी असते. ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘प्लॅन’ यांची नजर पुढे असते. म्हणून टू. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘ॲडमिट’, ‘डिनाय’, ‘मिस’ यांना आधी ती क्रिया घडलेली किंवा घडत असलेली लागते. न वाचताच वाचण्याची मजा कशी घेणार? न केलेली चोरी कबूल कशी करणार? म्हणून इंग.

जोड्या : जिथे मराठी आपणहून उत्तर देते

इंग्रजीतली काही क्रियापदे दोन्ही रूपे घेतात आणि रूपाबरोबर अर्थही बदलतात. परदेशी विद्यार्थ्यांना घाम फोडणारी ही जागा. मराठी माणसाला मात्र इथे फार कष्ट पडू नयेत. कारण आपल्याकडे प्रत्येक अर्थाला निराळे वळण आहे.

विसरणे घ्या. ‘कडी लावायला विसरलो’ म्हणजे कडी लावलीच नाही. हे ‘फरगॉट टू लॉक’. ‘कडी लावल्याचं विसरलो’ म्हणजे लावली होती, पण आठवत नाही. हे ‘फरगॉट लॉकिंग’. आठवण्याचेही तसेच. ‘आठवणीनं कडी लावली’ म्हणजे ‘रिमेंबर्ड टू लॉक’. ‘कडी लावल्याचं आठवतंय’ म्हणजे ‘रिमेंबर लॉकिंग’. मराठीतले ‘ल्याचं’ हे झालेल्या गोष्टीचे चिन्ह आहे. ते मनात आले की इंग्रजीत इंग यायला हवी.

वाईट वाटण्याचे पाहा. बँकेच्या पत्रात असते, ‘कळवायला वाईट वाटते की आपला अर्ज नामंजूर झाला.’ हे ‘रिग्रेट टू इन्फॉर्म’. बातमी आता सांगायची आहे. शेजाऱ्याला घरातली गोष्ट सांगून पस्तावलेला माणूस म्हणतो, ‘त्याला सांगितल्याचं वाईट वाटतंय.’ हे ‘रिग्रेट टेलिंग’. सांगून झाले आहे.

सर्वांत सुंदर जोडी प्रयत्नाची. विहिरीवरची मोटर जड आहे. ‘उचलायचा प्रयत्न केला, हलली नाही.’ हे ‘ट्राइड टू लिफ्ट’. मोटर सुरू होत नाही, तेव्हा वायरमन फोनवर सांगतो, ‘एकदा स्टार्टर बंद करून बघ.’ बंद करणे अवघड नाही. करून काय होते ते पाहायचे आहे. हे ‘ट्राय स्विचिंग इट ऑफ’. इंग्रजी व्याकरणाची पुस्तके हा फरक समजावायला परिच्छेद खर्च करतात. मराठीत तो ‘करायचा प्रयत्न’ आणि ‘करून बघणे’ या दोन वळणांत मावला आहे.

आणखी काही वळणे अशीच नेमकी जुळतात. ‘बोलत राहिला’ म्हणजे ‘केप्ट टॉकिंग’. ‘वाचून झालं’ किंवा ‘वाचून संपवलं’ म्हणजे ‘फिनिश्ड रीडिंग’. ‘हसल्याशिवाय राहवेना’ म्हणजे ‘कुडंट हेल्प लाफिंग’. इथे शब्दशः भाषांतर केले तर दोन्हीकडे अनर्थ होतो. पण भाव एकच आहे. ‘केस कापायला झालेत’ म्हणजे ‘द हेअर नीड्स कटिंग’. केस स्वतः काही कापणार नाहीत, कुणीतरी कापायचे आहेत, हे दोन्ही भाषांना न सांगता कळते.

आणि ‘यूज्ड टू’चा जुना फास. ‘लहानपणी मी पहाटे उठायचो’ यातले ‘उठायचो’ म्हणजे ‘यूज्ड टू गेट अप’. ‘मला पहाटे उठायची सवय आहे’ म्हणजे ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप’. पहिल्यात गेलेले दिवस, दुसऱ्यात अंगवळणी पडलेली गोष्ट. ‘यायचो’ आणि ‘यायची सवय’ यांत कुठल्याही खेड्यातल्या आजीची गल्लत होत नाही. दुसऱ्या वाक्यातला ‘टू’ शब्दयोगी आहे. त्याच्यानंतर नाम लागते. ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ यातला ‘टू’ही त्याच जातीचा. ‘तुमच्या भेटीकडे डोळे लावून बसलो आहे’ असे मराठीत ठेवून पाहा. ‘भेटी’ हे नाम दिसते आणि इंग का, ते कळते.

जिथे मराठी फसवते

आतापर्यंत मराठीची बाजू घेतली. आता तिचे दोषही सांगितले पाहिजेत. आपला ‘ायला’ हा फार उदार प्रत्यय आहे. ‘पोहायला जातो’, ‘पोहायला शिकतो’, ‘पोहायला आवडतं’, ‘पोहायला मजा येते’, ‘पोहायला घाबरतो’. सगळीकडे एकच. पहिली दोन इंग्रजीत टूने भागतात : ‘गो टू स्विम’, ‘लर्न टू स्विम’. ‘आवडतं’ला दोन्ही चालतात : ‘लाइक टू स्विम’, ‘लाइक स्विमिंग’. पण ‘मजा येते’ला ‘एन्जॉय’ आले की फक्त इंग. ‘एन्जॉय टू’ ही चूक इथून जन्मते. ती अज्ञानाची नाही, आपल्या ‘ायला’च्या उदारपणाची आहे. हे मुलाला सांगितले, तर तो ‘एन्जॉय’पाशी थबकून विचार करील. नुसते ‘चूक’ असे लिहिले, तर पुढच्या वेळी पुन्हा तेच लिहील.

दुसरे फसवे रूप ‘ायचं’. ‘जायचं ठरवलं’, ‘जायचं टाळलं’, ‘जायचं सुचवलं’, ‘जायचं पुढं ढकललं’. मराठीला चारही सारखी. इंग्रजीत पहिल्याला टू : ‘डिसाइडेड टू गो’. उरलेल्या तिघांना इंग : ‘अव्हॉइडेड गोइंग’, ‘सजेस्टेड गोइंग’, ‘पोस्टपोन्ड गोइंग’. इथे झालेले-न-झालेले हा निकषही लंगडा पडतो. सुचवलेले जाणे कुठे झालेले असते? फार तर असे म्हणता येईल, की सुचवणारा आणि टाळणारा ती क्रिया एखाद्या वस्तूसारखी टेबलावर ठेवून तिच्याकडे पाहत असतो. पण मग ठरवणाराही तेच करत नाही का? इथे प्रामाणिकपणे थांबावे. भाषा ही रूढी आहे आणि रूढीला प्रत्येक ठिकाणी कारण असतेच असे नाही. आपणही ‘तो मला भेटला’ आणि ‘मी त्याला पाहिले’ यांतला फरक परक्या माणसाला पटवू शकत नाही.

तिसरा सापळा ‘ला जाणे’चा. आपण ‘शॉपिंगला जातो’, ‘ट्रेकिंगला जातो’ म्हणतो, आणि इंग्रजी बोलताना ‘गो टू शॉपिंग’ म्हणून बसतो. इंग्रजीत ‘गो शॉपिंग’, ‘गो फिशिंग’, ‘गो स्विमिंग’ असे काहीही न जोडता म्हणतात. आपला ‘ला’ तिथे घरी ठेवून जावे लागते.

याद्या कुठून आल्या

शाळेत आपण जी यादी पाठ करतो, ‘एन्जॉय, फिनिश, माइंड, अव्हॉइड…’, तिची गरज इंग्लंडातल्या मुलाला पडत नाही. ती परक्यांसाठी तयार झाली. या कामातला मोठा वाटा ए. एस. हॉर्नबी यांचा. ते 1924पासून जपानात इंग्रजी शिकवत होते. कोणत्या क्रियापदानंतर कोणती रचना येते हे जपानी विद्यार्थ्यांना कोशातूनच कळावे, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी क्रियापदांचे पंचवीस साचे आखले आणि प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या साच्याचा क्रमांक दिला. तो कोश 1942मध्ये टोकियोत निघाला. महायुद्धानंतर ऑक्सफर्डने तो छापला आणि आज आपल्या दुकानांत मिळणारा विद्यार्थ्यांचा मोठा ऑक्सफर्ड कोश त्याचाच वंशज आहे. इंग-रूपाचा प्रश्न नियमांनी पूर्ण सुटत नाही, शब्दागणिक नोंद करावी लागते, ही त्यामागची कबुली होती.

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरले गेले ते रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, म्हणजे पुस्तक आपल्याच वर्गांच्या जवळ जन्मले. त्याच्या जोडीला मराठी घरांतून होती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्य द्यायचे, इंग्रजी करून घ्यायचे, इंग्रजी द्यायचे, मराठी करून घ्यायचे. ही पद्धत कंटाळवाणी होती आणि तिने बोलायला शिकवले नाही, हे आक्षेप खरे आहेत. पण तिच्यात एक गोष्ट होती. प्रत्येक इंग्रजी रचनेशेजारी मराठी रचना उभी असे आणि दोघींचा सांधा कुठे जुळतो, कुठे निखळतो, ते दिसत असे.

2000 साली महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून होते. लहान वयात ऐकून, बोलून, गाणी म्हणून भाषा यावी हा हेतू चांगला होता. त्याबरोबर हळूहळू असा समज रुजला, की इंग्रजीच्या तासाला मराठी येणे हा कमीपणा. ज्या घरात इंग्रजी कानावर पडते, तिथली मुले ऐकून ऐकून ‘एन्जॉय रीडिंग’ म्हणायला शिकतातही. ज्या घरात इंग्रजी म्हणजे फक्त ‘वायंडिंग’ आणि ‘वेटिंग’, तिथल्या मुलाला ऐकण्याची ही भांडवली सोय नाही. त्याच्याजवळ भांडवल आहे ते मराठीचे. तेही वर्गाबाहेर ठेवायला सांगितले, तर तो मोकळ्या हातानेच आत येणार.

केडगावचा धडा

खुटबावच्या पुढचे स्टेशन केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई संस्कृत घेऊन वाढल्या, इंग्रजी त्या मोठेपणी शिकल्या. 1883मध्ये इंग्लंडला गेल्या आणि चारच वर्षांत, 1887मध्ये, त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी केडगावात राहून हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. 1922मध्ये निधन होण्यापूर्वी ते काम त्यांनी हातावेगळे केले होते. त्याची जुळणी आणि छपाई आश्रमातल्या बायकामुलींनी केली. त्यांतल्या कित्येक जणी दुष्काळातून वाचून आलेल्या होत्या.

रमाबाईंच्या धर्ममतांविषयी आपले काहीही मत असो. एका खेडेगावात बसून तीन परक्या भाषांशी बरोबरीच्या नात्याने वागता येते, हे त्यांनी दाखवले. भाषांतर करणाऱ्याला आपल्या भाषेची लाज बाळगून चालत नाही. समोरच्या प्रत्येक रूपाला तो आपल्या घरातला जोडीदार शोधतो. सापडला तर वापरतो, नाही सापडला तर तिथे खूण करून ठेवतो.

इंग-रूपासाठी मी आता वर्गात एवढेच करतो. फळ्यावर डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. ‘लावल्याचं’, ‘करून बघ’, ‘बोलत राहिला’, ‘जाण्यापूर्वी’, ‘बोलायचा थांबला’ यांच्यासमोर इंग. ‘प्यायला थांबलो’, ‘लावायला विसरलो’, ‘जायचं ठरवलं’ यांच्यासमोर टू. आणि खाली एका चौकटीत ती थोडी क्रियापदे, जिथे मराठी मदत करत नाही : एन्जॉय, अव्हॉइड, सजेस्ट, पोस्टपोन, माइंड, कन्सिडर. ती वाक्यासकट पाठ करायची. चौकट लहान आहे हे दिसले, की मुलांची भीती जाते.

तो तंबाखू सोडलेला मुलगा पुढे दुसऱ्या एका ठिकाणी लागला. मध्यंतरी स्टेशनवर भेटला, दौंडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत. मी सहज विचारले, ‘काय रे, तंबाखू?’ तो हसला आणि मुद्दाम इंग्रजीत म्हणाला, ‘स्टॉप्ड ईटिंग, सर.’ मग गाडी आली आणि तो चढला.